क्वांटम कॉम्प्युटरला आजच्या घडीला नक्की येतं तरी काय?

शंकासुर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे, आधीच सांगून टाकतो.

आमचे मोठे साहेब कुठल्याशा कॉन्फरन्सला जाऊन आले आणि आल्या आल्या मीटिंगमध्ये म्हणाले की आपलं शेड्युलिंगचं इंजिन आता क्वांटमवर न्यायचं बघा, नाहीतर मागे पडू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टेस्टिंगवाला, फिजिक्सशी कॉलेजातच फारकत घेतलेली, पण हे लोढणं शेवटी माझ्याच गळ्यात येणार हे दिसत असल्यामुळे दोन रात्री जागून व्हिडिओ बघितले आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलोय.

म्हणजे बघा, एक जण सांगतो की गूगलच्या मशीनने १०,००० वर्षांचं गणित २०० सेकंदांत उरकलं. दुसरा सांगतो की क्वांटम कॉम्प्युटरचा गाजलेला पराक्रम म्हणजे १५ चे अवयव ३ आणि ५ पाडले, ते २००१ साली, आणि त्यानंतर त्या बाबतीत गाडी फारशी पुढे सरकलेली नाही. १५ चे अवयव माझी शाळेतली पोरगी पण पाडते हो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? एकतर पहिली थाप आहे नाहीतर दुसऱ्यात काहीतरी गोम आहे.

शिवाय ते ३०० क्युबिट (क्वांटमवाले बिट) म्हणजे विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त आकडे एकदम, क्युबिट एकाच वेळी शून्यही आणि एकही, वगैरे वगैरे. ऐकायला भारी वाटतं, पण एवढे आकडे एकदम धरता येत असतील तर आमचं शेड्युलिंग चुटकीसरशी का होत नाही?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. गणित चालेल, पण बेताचं.


भविष्यवेत्ता

सोप्पंय. चक्रव्यूहातून बाहेर पडायचंय असं समजा. साधा कॉम्प्युटर एकेक रस्ता चालून बघणार, क्वांटमवाला सगळ्या रस्त्यांनी एकदम धावणार आणि बरोबर असेल तो धरणार. आत्ता मशीन लहान आहेत एवढंच. क्युबिट दरवर्षी वाढतायत, पाच-सात वर्षांत सगळ्यांचे पासवर्ड उघडे पडतात की नाही बघा. तुमचे साहेब बरोबर बोलतायत.


कळफलक

भविष्यवेत्ता, राग मानू नका, पण ही चक्रव्यूहाची गोष्टच सगळ्या घोळाच्या मुळाशी आहे.

"सगळ्या रस्त्यांनी एकदम" इथपर्यंत एक वेळ चालवून घेऊ, पण "बरोबर असेल तो धरणार" हे करणार कोण? क्युबिट मोजले की एकच उत्तर हाती येतं, बाकी सगळं पुसलं जातं. १० क्युबिट मोजले की १० बिट मिळतात, अकरावा मिळत नाही, मग आत १०२४ आकडे नांदत असले तरी. आणि नुसत्या सगळ्या शक्यता एकत्र करून मोजल्या तर मिळणारं उत्तर म्हणजे फासे टाकल्यासारखं, कुठलंही. फासे टाकायला एवढं मशीन कशाला?

खरी मेख इंटरफिअरन्समध्ये आहे. एकच क्युबिट घ्या, कागदावर करून बघण्यासारखं आहे. हॅडामार्ड म्हणून एक गेट असतं, गेट म्हणजे क्युबिटवर करायची एक क्रिया. ते शून्यावर लावलं आणि मोजलं तर अर्ध्या वेळा ०, अर्ध्या वेळा १. म्हणजे नाणेफेक. आता मधे न मोजता तेच गेट परत लावा. नाणं दोनदा उडवलं म्हणून काय झालं, अर्धं-अर्धंच राहायला हवं ना? नाही राहत. दर वेळी ० येतो, न चुकता. कारण आत जे फिरतंय ती संभाव्यता नाही, तो ॲम्प्लिट्यूड आहे आणि त्याला अधिक-उणे चिन्ह असतं. शेवटी ० वर पोचायचे दोन मार्ग, दोन्हींचा हिस्सा +१/२, बेरीज १. शेवटी १ वर पोचायचेही दोन मार्ग, पण एकाचा हिस्सा +१/२ आणि दुसऱ्याचा -१/२, बेरीज शून्य, खल्लास.

क्वांटम अल्गोरिदम म्हणजे हेच मोठ्या प्रमाणावर करायचं. चुकीच्या उत्तरांकडे जाणारे मार्ग एकमेकांना मारतील आणि बरोबर उत्तराकडे जाणारे एकमेकांत मिसळून वाढतील अशी गेटांची रचना शोधून काढायची. आणि अशी रचना प्रत्येक प्रश्नाला सापडत नाही. प्रश्नाच्या पोटात काहीतरी नियमितपणा लागतो, आवर्तन वगैरे. पीटर शोर यांना १९९४ साली अवयव पाडण्यासाठी ती सापडली. शेड्युलिंगसारख्या प्रश्नांत असलं घबाड अजून कोणाच्या हाती लागलेलं नाही. तिथे ग्रोव्हरची १९९६ ची युक्ती वापरता येते, दहा लाख शक्यतांमधून एक शोधायची तर आठशेच्या आसपास फेऱ्यांत काम होतं. हेही भारीच वाटतं पण त्यात एक पाचर आहे, वेळ मिळाला की खाली लिहितो.

अवांतर: मी स्वतः क्लाउडवरच्या एका खऱ्या मशीनवर दोन क्युबिटचं पहिल्या धड्यातलं सर्किट चालवून बघितलं होतं. एक हॅडामार्ड, एक सीनॉट (दोन क्युबिट एकमेकांत गुंतवणारं गेट), मग दोन्ही मोजायचे. पुस्तकाप्रमाणे ०० किंवा ११ एवढंच यायला हवं, ०१ आणि १० कधीच नाही. हजार वेळा चालवलं तर पन्नासेक वेळा हे न बोलावलेले पाहुणे हजर. वाटलं माझाच कोड गंडलाय, तीनदा तपासला. कोड ठीक होता, मशीनचा स्वभावच तसा. दोन गेटांत ही गत तर हजार गेटांत काय होत असेल.


शीतकपाट

या पाहुण्यांबद्दल मी बोलू शकते, कारण माझं रोजचं भांडण त्यांच्याशीच असतं. सुपरकंडक्टिंग क्युबिटवर काम करते.

फोटोत जे सोनेरी झुंबर दिसतं ना, तो कॉम्प्युटर नाही, तो फ्रिज आहे. कॉम्प्युटर म्हणजे सगळ्यात खाली एका डबीत बसवलेली नखाएवढी चिप. ती १०-१५ मिलिकेल्विनला ठेवायची, अंतराळातल्या मोकळ्या पोकळीतसुद्धा २.७ केल्विन असतं, त्याच्याही कितीतरी खाली. फ्रिज गार व्हायलाच दीड-दोन दिवस जातात. मागे एकदा सगळं बंद करून, हवा काढून, गार करून खाली पोचलो आणि लक्षात आलं की एका केबलमधून सिग्नलच येत नाहीये, कनेक्टर ढिला राहिलाय. मधेच उघडता येत नाही. परत सगळं गरम होऊ द्यायचं, कनेक्टर पाव फेरा फिरवून घट्ट करायचा, परत गार करायचं. अख्खा आठवडा त्या पाव फेऱ्यात गेला.

एवढं करूनही क्युबिट आपली अवस्था धरून ठेवतो १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, चांगल्या चिपवर थोडं जास्त. एका गेटला पंचवीस-पन्नास नॅनोसेकंद लागतात, म्हणजे कागदावर दोन-चार हजार गेटं बसायला हवीत, पण त्याच्या आधीच चुका गाठतात. दोन क्युबिटच्या गेटची चूक समजा हजारात ५ धरली (याहून चांगली मशीन आहेत, वाईटही आहेत) तर हजार गेटांनंतर एकही चूक न होता सुखरूप पोचायची शक्यता म्हणजे ०.९९५ चा हजारावा घात, कॅल्क्युलेटरवर मारून बघा, पाऊण टक्कासुद्धा भरत नाही. आणि हजार गेटं म्हणजे काहीच नाही हो, अवयव पाडायच्या खऱ्या कामाला अब्जावधी लागतात. त्यात परत काल शहाण्यासारखा वागलेला क्युबिट आज सकाळी रुसलेला असतो, कारण चिपच्या पृष्ठभागावरचे बारीक दोष जागच्या जागी बदलत राहतात. वरून एखादा वैश्विक किरण आपटला तर एका फटक्यात कितीतरी क्युबिट एकदम बिघडतात. म्हणून कॅलिब्रेशन रोजचं.

आता ते २०० सेकंद. २०१९ चं गूगलचं सिकॅमोर, चिपवर ५४ क्युबिट, त्यातला एक मेलेला म्हणून ५३. काम काय दिलं? गेटांचं एक कसंही जुळवलेलं सर्किट, २० थरांचं, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या ५३ बिटांच्या ओळी गोळा करायच्या, दहा लाख. बस्स. त्या ओळींचा कोणाला काही उपयोग नाही. प्रश्नच असा निवडला होता की मशीनला जे आपोआप येतं तेच विचारायचं आणि साध्या कॉम्प्युटरची दमछाक व्हावी. माशाची पोहण्याची परीक्षा घेतल्यासारखं. आणि त्या ओळींतही सिग्नल किती, तर ०.२ टक्के, उरलेला सगळा गोंगाट. तो ०.२ टक्के खरोखर आहे हे दाखवता आलं हाच त्यातला पराक्रम, आणि मी तो पराक्रमच मानते, थाप अजिबात नाही.

१०,००० वर्षांचा आकडा मात्र टिकला नाही. आयबीएमने लगेच सांगितलं की समिट सुपरकॉम्प्युटरची डिस्क वापरून सगळी अवस्था साठवली तर अडीच दिवस पुरेत, आणि पुढच्या काही वर्षांत नव्या युक्त्या काढून लोकांनी जीपीयूंवर तेच काम काही तासांवर आणलं.

तर शंकासुर, तो वर्षांचा आकडा सोडला तर तुमच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलं काम बिनउपयोगाचं पण मशीनच्या सोयीचं, दुसरं उपयोगाचं पण मशीनला न झेपणारं.


मूक वाचक

छान धागा. ५० क्युबिटच्या पुढे साध्या कॉम्प्युटरला नक्कल करता येत नाही म्हणतात ते कशामुळे?


कळफलक

मेमरी. n क्युबिटची अवस्था पूर्ण लिहून काढायची तर २^n ॲम्प्लिट्यूड साठवायला लागतात, एकेक १६ बाइटचा. ३० क्युबिटला १६ जीबी, बऱ्यापैकी लॅपटॉपची सगळी रॅम. त्यापुढे प्रत्येक क्युबिटला दुप्पट. ५० ला साधारण १ कोटी ६७ लाख जीबी.

पण हे पूर्ण लिहायचं म्हटलं तर. गोंगाट जास्त असेल किंवा क्युबिट एकमेकांत फार गुंतलेले नसतील तर आडवाटा भरपूर निघतात. २०२३ च्या जूनमध्ये आयबीएमने १२७ क्युबिटवर चुंबकाच्या एका मॉडेलचं सिम्युलेशन करून दाखवलं, नेचरमध्ये आलं, 'उपयुक्तता' असा शब्द वापरला. काही आठवड्यांत लोकांनी तेच आकडे साध्या कॉम्प्युटरवर, त्यातल्या काहींनी तर लॅपटॉपवर, काढून दिले. असं दर वेळी होतं. एक गट रेष ओढतो, दुसरा ओलांडतो. मला तर यात साध्या अल्गोरिदमवाल्यांचाच जास्त फायदा झालेला दिसतो, कोणीतरी आव्हान दिल्याशिवाय त्या युक्त्या त्यांना सुचल्या नसत्या.


शंकासुर

अरे वा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. हॅडामार्डचं कागदावर केलं, जमलं!! आता ते १५ चं प्रकरण आणि पासवर्डचं कोणीतरी सांगा. त्या मशीनने ३ आणि ५ शोधले म्हणजे नक्की काय केलं?


कुलूपकिल्ली

हा माझा प्रांत, सुरक्षेचं काम करतो.

आधी हाताने करू. १५ शी सामायिक अवयव नसलेला एखादा आकडा घ्या, समजा ७. त्याचे घात काढत जा आणि १५ ने भागून फक्त बाकी ठेवा. ७, मग ४९ ची बाकी ४, मग २८ ची बाकी १३, मग ९१ ची बाकी १. एक आला की चक्र परत सुरू. म्हणजे चार पायऱ्यांचं आवर्तन. आता चारच्या निम्मे दोन, ७ चा वर्ग ४९. त्याच्या एक खाली ४८ आणि एक वर ५०. ४८ आणि १५ चा मसावि ३. ५० आणि १५ चा मसावि ५. झालं.

यात क्वांटमचं काम एवढंच की ते आवर्तन चारचं आहे हे शोधायचं. बाकी सगळं साधं गणित. १५ ला ते बोटांवर मोजता येतं, पण सहाशे अंकी संख्येला आवर्तन इतकं लांबलचक असतं की मोजत बसणं शक्यच नाही, आणि तिथेच वर कळफलकांनी सांगितलेलं इंटरफिअरन्स कामाला येतं, कारण आवर्तन म्हणजे लाट आणि लाटा एकमेकींना मारतात किंवा वाढवतात.

२००१ साली आयबीएमच्या अल्माडेन लॅबमध्ये हे ७ क्युबिटवर केलं, तेही फ्रिजबिज नाही, द्रवातल्या रेणूंच्या अणुकेंद्रांवर, एनएमआर म्हणजे चुंबकीय अनुनाद वापरून. पुढे २०१२ मध्ये २१. पण खरं सांगायचं तर या प्रयोगांत सर्किट आधीच आटोपशीर करून घेतलेलं असतं आणि ते करताना उत्तराची माहिती थोडीफार वापरलेली असते. परीक्षेला बसायच्या आधी पेपर चाळून आल्यासारखं. म्हणून "आता २१, उद्या ५१, परवा बँक" अशी शिडी त्यातून लागत नाही.

पासवर्डचं म्हणाल तर भविष्यवेत्ता, शोरच्या अल्गोरिदमचा पासवर्डशी थेट संबंध नाही. तो मोडतो आरएसए (मोठ्या संख्येचे अवयव पाडता येत नाहीत यावरच हे उभं आहे) आणि एलिप्टिक कर्व्ह, म्हणजे दोन अनोळखी कॉम्प्युटर उघड्या रस्त्यावर किल्ली ठरवतात किंवा सही तपासतात ती पद्धत. किल्ली ठरल्यानंतर डेटा ज्याने बंद होतो ते एईएस वेगळं. त्याच्यावर फक्त ग्रोव्हर चालतो. १२८ बिटांच्या किल्लीला २^६४ च्या आसपास फेऱ्या, एकामागून एक. एक फेरी एका मायक्रोसेकंदात होते असं उदारपणे धरलं (होणार नाही, प्रत्येक फेरीत अख्खं एईएस चालवायचंय) तरी ५ लाख ८० हजार वर्षांच्या वर जातात. बरं, शंभर मशीन लावून काम वाटून घेतलं तर शंभरपट नाही, दहापटच वेगवान होतं. आणि ज्याला तरीही झोप येत नाही त्याने २५६ बिट वापरावेत.

आरएसएची गोष्ट वेगळी, तिथे मी बेफिकीर राहा म्हणणार नाही. २०१९ चा अंदाज होता की आरएसए-२०४८ (२०४८ बिटांची किल्ली) मोडायला २ कोटी क्युबिट आणि ८ तास लागतील. मे २०२५ मध्ये त्याच अंदाजाच्या एका लेखकाने तो खाली आणला, १० लाखांहून कमी क्युबिट आणि एका आठवड्याहून कमी वेळ. म्हणजे मशीन जागच्या जागी असताना नुसत्या डोक्याच्या जोरावर गरज वीसपट कमी झाली. माझ्या मते सगळ्यात लक्ष ठेवण्यासारखा आकडा हा आहे, 'आमच्या चिपवर इतके क्युबिट' हा नाही. शिवाय आज कोणी तुमची बंद डेटाची पेटी उचलून ठेवली आणि मशीन आल्यावर उघडली तर? तिथे वीस वर्षं गुप्त राहायला हवं असं काही असेल तर घोर आजच लागायला हवा.

त्यासाठी क्वांटम कॉम्प्युटर विकत घ्यायचा नसतो, साध्या कॉम्प्युटरवर चालणारी नवी कुलुपं बसवायची असतात. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या ओपनएसएसएचने तर ९.० आवृत्तीत, एप्रिल २०२२ मध्येच असली मिश्र (जुनं अधिक नवं कुलूप) पद्धत मुळातून चालू करून टाकली, तुमच्यातले कितीतरी जण रोज वापरत असतील आणि पत्ताही नसेल. शंकासुर, साहेबांना क्वांटमचं काहीतरी करायचंच असेल तर तुमच्या प्रॉडक्टमध्ये आरएसए कुठे कुठे लपलंय त्याची यादी करा. कंटाळवाणं काम आहे पण खरं आहे.


भविष्यवेत्ता

ठीक, पासवर्डचं मागे घेतो. पण डी-वेव्हकडे ५००० च्या वर क्युबिट आहेत आणि ते शेड्युलिंगच करतात म्हणे. मग?


कळफलक

चांगला मुद्दा, आणि शंकासुरच्या साहेबांनी बहुतेक हेच ऐकलं असणार.

ते मशीन वेगळ्या जातीचं आहे, ॲनिलर. त्यावर गेटं एकामागे एक लावून पाहिजे तो प्रोग्राम चालवता येत नाही, शोरही नाही. डोंगरदऱ्यांचा नकाशा द्यायचा आणि सगळ्यात खोल दरीत जाऊन स्थिरावायला सांगायचं, एवढं एकच काम. शेड्युलिंग त्या रूपात मांडता येतं हे खरंय. पण प्रत्येक क्युबिट प्रत्येकाशी जोडलेला नसतो, त्यामुळे तुमच्या एका व्हेरिएबलला साखळी करून बरेच क्युबिट द्यावे लागतात आणि ५००० चे बघता बघता काहीशे होतात. आणि सगळ्यात खोल दरी सापडली याची हमी नाही, बऱ्यापैकी खोल सापडते. बऱ्यापैकी खोल दरी साधे सॉल्व्हरही (असले प्रश्न सोडवणारी नेहमीची सॉफ्टवेअर) शोधतात, तीस-चाळीस वर्षं घासून घासून ते प्रचंड तयार झालेले आहेत.

आता ती ग्रोव्हरची पाचर. वर्गमुळाएवढा फायदा म्हणजे फेऱ्या कमी, पण प्रत्येक फेरी महाग. साध्या प्रोसेसरवर सेकंदाला अब्जावधी क्रिया होतात आणि त्याही कितीतरी कोअरवर एकदम. चुका सुधारत चालणाऱ्या क्वांटम मशीनवर एकेका क्रियेला मायक्रोसेकंद आणि त्याहून जास्त लागणार. एवढा मागून निघालेला गडी वर्गमुळाच्या जोरावर पुढे जायला प्रश्न अवाढव्य असावा लागतो, इतका की पुढे जाईपर्यंत महिने-वर्षं उलटलेली असतील. शोरसारखी उडी असेल तरच खेळ जमतो.

आणि डेटा! हे कोणी बोलत नाही. तुमच्या करोडो रेकॉर्डांच्या टेबलमधून शोधायचं तर आधी ते टेबल क्युबिटमध्ये भरायला लागणार, आणि एकेक ओळ भरेपर्यंत साध्या कॉम्प्युटरने ती वाचून संपवली असती. त्यामुळे बिग डेटा, मोठी एआय मॉडेलं वगैरे आत्ता विसरा. इनपुट चिमूटभर, आतलं गणित डोंगराएवढं, उत्तर परत चिमूटभर, असं काम हवं.


शीतकपाट

+१, आणि चिमूटभर इनपुटचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रेणू. फाइनमन १९८१ साली हेच म्हणाले होते, निसर्ग क्वांटम आहे तर त्याची नक्कल करणारं यंत्रही क्वांटम हवं. रेणूत कुठले अणू कुठे बसलेत हे दोन ओळींत लिहिता येतं, पण इलेक्ट्रॉन एकमेकांत कसे गुंतलेत त्याचा हिशोब साध्या कॉम्प्युटरचा घाम काढतो. २०१७ मध्ये ६ क्युबिटवर बेरिलियम हायड्राइडपर्यंत मजल गेली. तीन अणू. तेवढं लॅपटॉपवर सहज होतं, म्हणजे अजून शाळेतच आहोत. ज्या रेणूंसाठी रसायनवाले पैसे मोजतील त्यांना लाखो क्युबिट आणि चुका सुधारायची सोय लागणार.

त्या सुधारण्याबद्दल थोडं, कारण मला विचाराल तर गेल्या काही वर्षांतली खरी बातमी तीच आहे. साध्या बिटाच्या तीन प्रती काढून बहुमत घेता येतं. क्युबिटची प्रत काढता येत नाही आणि बघितला तर बिघडतो. मग एका क्युबिटची माहिती पुष्कळ क्युबिटांत पसरायची आणि मधे मधे पेरलेल्या दुसऱ्या क्युबिटांनी फक्त "शेजारी-शेजारी जुळतंय का" एवढंच विचारत राहायचं, आत काय आहे ते न विचारता. भानगड अशी की हे विचारणारे क्युबिटसुद्धा चुकतात. त्यामुळे मूळ चुका एका मर्यादेच्या वर असतील तर जितके जास्त क्युबिट लावाल तितका घोळ वाढतो, आणि मर्यादेच्या खाली असतील तरच कमी होतो. कित्येक वर्षं आम्ही सगळे त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला नाहीतर अगदी काठावर होतो.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या विलो चिपचा पेपर आला. १०५ क्युबिटची चिप. माहिती पसरायची क्युबिटांची जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५, मग ७ बाय ७ केली तर दर पायरीला चूक निम्म्याहून थोडी खाली आली, २.१४ पट. पेपर आला त्या दिवशी लॅबमध्ये कोणी काम केलं नाही, तो एकच आलेख सगळे बघत होतो. लोकांपर्यंत मात्र बातमी पोचली ती "१० चा २५ वा घात वर्षांचं काम पाच मिनिटांत" हीच, जी परत तीच माशाच्या पोहण्याची परीक्षा.

आता त्याची दुसरी बाजू. त्या ७ बाय ७ ला १०१ क्युबिट लागले आणि बनला किती, तर एक लॉजिकल क्युबिट, म्हणजे पुष्कळांत पसरून चुका सुधारलेला क्युबिट. एक. आणि त्याने गणित केलं नाही, फक्त आपली अवस्था सांभाळून ठेवली, दर १.१ मायक्रोसेकंदाच्या फेरीला चूक साधारण ०.१४ टक्के. चिपवरच्या सगळ्यात चांगल्या सुट्या क्युबिटपेक्षा २.४ पट जास्त टिकला. आरएसए मोडायला असे हजाराच्या वर लॉजिकल क्युबिट हवेत, याहून कितीतरी पट निर्दोष, आणि तेही दिवसचे दिवस काम करत. आमच्या फ्रिजमध्ये केबल लावायला जागा उरत नाही हा प्रश्न तर वेगळाच. आयन ट्रॅपवाले, अणू लेझरने धरून ठेवणारे, त्यांच्याकडे चुका कमी किंवा क्युबिट जास्त, पण गेटं हळू. कोणाचं घोडं पुढे जाईल यावर मी पैज लावणार नाही, स्वतःच्या घोड्यावरही नाही.

आज कामाचं काही होतं का? एक जवळपास. २०२५ मध्ये ५६ क्युबिटच्या आयन ट्रॅपवर अशा यादृच्छिक संख्या काढल्या की त्या आधीच ठरवून ठेवलेल्या नाहीत हे दुसऱ्याला तपासता येतं. माशाच्या परीक्षेतूनच निघालेलं आहे हे. बाकी आजची मशीन म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांची प्रयोगाची साधनं, आणि त्या कामाला ती उत्तम आहेत, माझं पोट त्यावरच आहे.


शंकासुर

सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांना काय सांगायचं तेवढं सुचवा, नोकरी शाबूत राहील असं.


कळफलक

"नाही" म्हणू नका. ज्या कंपनीचा माणूस विकायला येईल त्याला आपला एक खरा शेड्युलिंगचा प्रॉब्लेम द्या, खेळण्यातला नाही, आणि तोच प्रॉब्लेम आपल्या आत्ताच्या सॉल्व्हरला तेवढाच वेळ देऊन चालवा. दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवा. आणि त्याला विचारा की तुमच्या उत्तरातला किती भाग क्वांटम चिपने काढला आणि किती सोबतच्या साध्या सर्व्हरने. या प्रश्नाला तोंड कसं होतं ते बघून घ्या.


कुलूपकिल्ली

आणि आरएसएची यादी. विसरू नका.


शंकासुर

चार दिवसांनी परत येतोय. यादी सुरू केली, पहिल्याच दिवशी सतरा ठिकाणं सापडली, एक तर अशा सर्व्हरवर जो बंद केलाय असं सगळ्यांना वाटत होतं. साहेब खूश, कारण स्लाइडवर 'क्वांटम' शब्द आला.

बाकी हौस म्हणून लॅपटॉपवर सिम्युलेटर टाकला. २८ क्युबिटपर्यंत मजेत चाललं, २९ ला पंखा ओरडायला लागला, ३० ला सगळंच हँग, पॉवर बटण दाबून बंद करावा लागला. सेटिंगमध्ये काही चुकतंय का?


कळफलक

रॅम किती?


शंकासुर

१६ जीबी.


कळफलक

वर हिशोब दिला होता की हो.